वर्तन एपिजेनेटिक्स आणि उत्क्रांती मानसशास्त्रात संशोधन करायचंय? बारावीपासून नोकरीपर्यंतची वाट

भारतात ‘उत्क्रांती मानसशास्त्र’ किंवा ‘वर्तन एपिजेनेटिक्स’ अशी पाटी लावलेला विभाग शोधायला निघालात तर हाती फारसं काही लागणार नाही. उत्क्रांती मानसशास्त्र म्हणजे आपलं मन आणि वर्तन उत्क्रांतीत कसं घडलं याचा अभ्यास. वर्तन एपिजेनेटिक्स म्हणजे डीएनएचा क्रम न बदलता त्याच्यावरच्या रासायनिक खुणा जनुकांचं काम कसं बदलतात आणि त्याचा वर्तनाशी काय संबंध आहे याचा अभ्यास. या विषयांवर काम करणारी माणसं मात्र आहेत. कुणी न्यूरोसायन्सच्या लॅबमध्ये आहे, कुणी माता-बाल आरोग्याच्या प्रकल्पात, कुणी प्राणिवर्तनाच्या गटात, तर कुणी मानसोपचार विभागात. त्यामुळे विभागाच्या नावावर जाऊ नका. प्रश्न कोणता, गाईड कोण आणि पद्धत कोणती, हे तीन पाहून वाट ठरवा. बारावी विज्ञानवाल्यांना हा लेख उपयोगी पडेलच, मानसशास्त्रात बीए केलेल्यांनाही पडेल.

१. दोन विषय कुठे जुळतात ते नीट समजून घ्या

प्राणिवर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी १९६३ साली वर्तनाबद्दलचे चार प्रश्न वेगळे करून मांडले. वर्तन कोणत्या यंत्रणेतून घडतं? वाढीच्या वयात ते कसं आकार घेतं? जगण्यात आणि प्रजननात त्याचा काय उपयोग होतो? आणि पूर्वज प्रजातींपासून ते कसं उतरत आलं? एपिजेनेटिक्सचं काम मुख्यतः पहिल्या दोन प्रश्नांवर चालतं, उत्क्रांती मानसशास्त्राचं शेवटच्या दोन प्रश्नांवर. मुलाखतीत विद्यार्थी इथेच गोंधळतात. ‘का’ विचारलं तर ‘कसं’चं उत्तर देतात. यंत्रणा सापडली म्हणून उपयोग सिद्ध होत नाही, आणि उपयोगाची गोष्ट पटण्यासारखी आहे म्हणून यंत्रणा सापडत नाही.

दोन्ही विषय जिथे एकमेकांना भिडतात असं एक उदाहरण घ्या. १९९१ साली बेल्स्की, स्टाइनबर्ग आणि ड्रेपर यांनी मांडलं की बालपणी घर अस्थिर असेल तर मुलगी लवकर वयात येते, कारण भरवशाच्या नसलेल्या जगात लवकर प्रजनन करणं फायद्याचं ठरतं. कल्पना आकर्षक आहे. पण दुसरी शक्यताही तितकीच दमदार आहे. आई स्वतः लवकर वयात आली, तिचा संसार लवकर सुरू झाला, घडी विस्कटली, आणि लवकर वयात येण्याची जनुकं मुलीकडे आली. अशा वेळी घर आणि वय यांचा संबंध दिसेल, पण घर हे कारण नसेल. या दोन शक्यता वेगळ्या कशा करायच्या, हे ज्याला सांगता येतं तो या क्षेत्रात टिकतो.

उंदरांमध्ये त्या वेगळ्या करता येतात. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि मोशे झिफ यांच्या गटांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम वाचाच. काही उंदीर माद्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात खूप चाटतात, काही कमी. जास्त चाटलेल्या पिल्लांच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरच्या (ताणाच्या संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकावरच्या एका नियंत्रक भागात मिथायलेशन, म्हणजे डीएनएवर मिथाइल गटाची खूण, कमी आढळलं. जन्मतःच पिल्लांची अदलाबदल केली, तेव्हा हा फरक जन्मदात्या आईप्रमाणे न येता सांभाळणाऱ्या आईप्रमाणे आला. सगळं वजन या अदलाबदलीत आहे. माणसांत असा प्रयोग करता येत नाही. म्हणून २००९ मध्ये त्याच जनुकावर झालेला मानवी मेंदूचा अभ्यास वेगळ्या मापाने तोलावा लागतो. त्यात बालपणी अत्याचार सोसून आत्महत्या केलेले १२, अत्याचाराचा इतिहास नसलेले पण आत्महत्या केलेले १२ आणि तुलनेसाठी १२ अशा मृत व्यक्तींचे मेंदू होते. काम मोलाचं आहे, पण संख्या लहान आहे आणि कार्यकारण सिद्ध करणारी अदलाबदल त्यात नाही.

सापळा: ‘आजीने सोसलेला दुष्काळ नातवाच्या जनुकांवर कोरला जातो’ अशी वाक्यं अर्जात लिहू नका. गर्भवती बाई उपाशी असते तेव्हा तिच्या पोटातलं बाळही उपाशी असतं, आणि ते बाळ मुलगी असेल तर तिच्या अंडाशयात तयार होत असलेली बीजांडंही. एका उपासमारीची झळ तीन पिढ्यांना थेट बसते. म्हणजे झळ न लागलेली पहिली पिढी पणतवंडांची. शिवाय सस्तन प्राण्यांत मिथायलेशनच्या बहुतेक खुणा दोनदा पुसल्या जातात, एकदा फलनानंतर आणि एकदा भ्रूणात बीजपेशी घडताना. माणसांत पिढ्यानपिढ्या उतरणाऱ्या एपिजेनेटिक खुणांचा पुरावा अजून कच्चा आहे, आणि मुलाखत घेणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

२. पदवी कुठली घ्यायची

बारावीनंतर सरळ वाट म्हणजे आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची परीक्षा देऊन तिथला बीएस-एमएस अभ्यासक्रम, किंवा नेस्ट ही प्रवेश परीक्षा देऊन भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईतलं सीईबीएस या विज्ञान संस्था. हे जमलं नाही तर काही बिघडत नाही. जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा संख्याशास्त्रात बीएस्सी करा आणि पुढे आयआयटी जॅम, सीयूईटी-पीजी किंवा गॅट-बी या प्रवेश परीक्षांमधून एमएस्सीला जा.

मानसशास्त्रात बीए करणाऱ्यांनी पहिल्या वर्षापासूनच जनुकशास्त्र आणि संख्याशास्त्राची तयारी स्वतंत्रपणे सुरू करावी. पदव्युत्तर शिक्षणासाठी संज्ञानशास्त्राकडे (मन कसं जाणतं, शिकतं याच्या शास्त्राकडे) वळता येतं. आयआयटी गांधीनगर, आयआयटी कानपूर, अलाहाबाद विद्यापीठाचं वर्तन व संज्ञान विज्ञान केंद्र आणि हैदराबाद विद्यापीठाचं न्यूरल व संज्ञान विज्ञान केंद्र ही पाहण्यासारखी ठिकाणं आहेत. गेट या परीक्षेत मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांच्या पेपरात मानसशास्त्राचा पर्याय आहे, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

३. हात तयार करा: संख्याशास्त्र, आर, आणि एक खरा डेटासेट

अर्जांच्या गठ्ठ्यातून तुमचा अर्ज बाहेर काढणारी गोष्ट एकच, तुम्ही स्वतः केलेलं विश्लेषण. त्यासाठी लॅब लागत नाही. लॅपटॉप, इंटरनेट आणि आर ही मोफत संगणकभाषा एवढं पुरे. प्रतिगमन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज), मिश्र परिणाम प्रतिमानं (एकाच व्यक्तीची किंवा गटाची अनेक मोजमापं असतील तेव्हा) आणि अनेक चाचण्यांसाठीची दुरुस्ती (योगायोगाने आलेले निकाल गाळण्यासाठी) या तीन गोष्टी पक्क्या करा.

मग जीईओ या जनुकीय डेटाच्या सार्वजनिक भांडारातून जीएसई४०२७९ हा संच घ्या. त्यात ६५६ प्रौढांच्या रक्तातलं मिथायलेशन आहे, डीएनएवरच्या सुमारे पावणेपाच लाख जागांवर मोजलेलं. प्रत्येक जागेला ० ते १ मधलं बीटा मूल्य असतं. ० म्हणजे त्या जागी मिथायलेशन नाही, १ म्हणजे सगळ्या प्रतींवर आहे. हा पूर्ण तक्ता मेमरीत अडीच जीबीच्या आसपास जागा घेतो आणि आर त्याच्या आणखी प्रती काढतं, म्हणून ८ जीबीच्या लॅपटॉपवर तो एकदम उघडला की मशीन गोठतं. आधी हव्या त्या ओळी वेगळ्या काढा.

पहिला सराव असा करा. ईएलओव्हीएल२ जनुकावरची सीजी१६८६७६५७ ही जागा निवडा आणि तिचं बीटा मूल्य वयासमोर मांडून आलेख काढा. वयाबरोबर चढत जाणारी रेघ डोळ्यांना स्वच्छ दिसेल. ती दिसली नाही तर बहुधा नमुन्यांची नावं आणि वयाचा तक्ता यांचा क्रम जुळलेला नाही. ही चूक आत्ताच ओळखायला शिका, कारण पुढे स्वतःच्या डेटात ती झाली तर संगणक कुठलीही तक्रार न करता चुकीचं उत्तर देतो.

यानंतर मिथायलेशनच्या विश्लेषणात वापरली जाणारी मिनफी आणि लिमा ही आरची पॅकेजेस शिका. सिक्वेन्सिंगकडे (डीएनएचा क्रम वाचण्याकडे) जायचं असेल तर बिस्मार्क हे सॉफ्टवेअर. सगळा कोड तारखेनिशी सार्वजनिक ठेवा आणि त्याचा दुवा अर्जात द्या.

४. उन्हाळी प्रकल्प

तिन्ही विज्ञान अकादम्यांची एकत्रित उन्हाळी फेलोशिप साधारण दोन महिन्यांची असते आणि तिचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच निघतात. मार्चमध्ये शोधाशोध सुरू केलीत तर उशीर झालेला असतो. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्राचीही उन्हाळी फेलोशिप आहे. प्रकल्प निवडताना विषय शंभर टक्के जुळतोय का यावर अडून बसू नका. फळमाशीच्या वर्तनाची नोंद शिस्तीने घेता येणं हे पुढे माणसांवरच्या अभ्यासातही उपयोगी पडतं.

५. पीएचडीच्या परीक्षा, फेलोशिप आणि कागदपत्रं

जीवशास्त्राच्या वाटेने सीएसआयआर-यूजीसी नेट, जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटी) बीईटी, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) जेआरएफ म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, आणि गेट. मुंबईची टीआयएफआर व बंगळुरूची एनसीबीएस या संशोधन संस्थांसाठी जेजीबिल्स ही परीक्षा. मानसशास्त्राच्या वाटेने यूजीसी नेट. जेआरएफची रक्कम जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्या संशोधन फेलोशिपवर लक्ष ठेवावं. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, तर इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके व विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती. या फेलोशिपना पीएचडीची नोंदणी झालेली असावी लागते, म्हणून नोंदणीचं पत्र विद्यापीठाकडून वेळेत हातात घ्या. जाहिरात आली की मुदत थोडीच असते.

फाइलमध्ये हे तयार ठेवा:

- दहावीपासूनच्या सर्व गुणपत्रिका, प्रत्येक सत्राच्या सुट्या
- पदवी प्रमाणपत्र किंवा तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र
- श्रेणींचं टक्केवारीत रूपांतर करणारं विद्यापीठाचं पत्र
- जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि चालू वर्षाचं नॉन-क्रीमीलेअर
- दोन पानी बायोडेटा आणि एक पानी संशोधन उद्देश
- शिफारसपत्रं देणाऱ्या तिघांची संमती, अर्जाच्या किमान महिनाभर आधी
- कोडचा दुवा किंवा प्रकल्पाचा अहवाल

सापळा: केंद्राच्या परीक्षांना ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं. तहसील कचेरीतून राज्याच्या नमुन्यातलं घेऊन आलात तर कागदपत्र पडताळणीत अडकाल. अर्ज करतानाच ‘केंद्र शासनाकरिता’ असं स्पष्ट सांगून घ्या.

६. गाईड शोधा

शोधाची सुरुवात शोधनिबंधांपासून करा. आवडलेल्या निबंधात शेवटच्या लेखकाचं नाव पहा, बहुतेक वेळा तोच गटप्रमुख असतो. गेल्या तीन वर्षांत त्या गटातून काय प्रसिद्ध झालं ते वाचा.

महाराष्ट्राच्या अगदी जवळचं आणि जगात नाव असलेलं काम म्हणजे पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचा माता पोषण अभ्यास. १९९३ साली पुण्याजवळच्या गावांमध्ये तो सुरू झाला आणि त्यातली मुलं मोठी होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. इथली बाळं वजनाने लहान पण त्यांच्यातली चरबी तुलनेने राखलेली, आणि आईच्या शरीरात फोलेट हे जीवनसत्त्व जास्त व बी१२ कमी असेल तर मुलात इन्सुलिनला प्रतिरोध अधिक, ही त्यातली गाजलेली निरीक्षणं. गर्भातल्या पोषणाचा पुढच्या आयुष्यावर परिणाम, म्हणजे आपल्या विषयाचा सख्खा शेजारीच. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये झालेल्या माता पोषण प्रकल्पातल्या मुलांवर मिथायलेशनचा अभ्यासही झाला आहे, त्यात हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था सहभागी होती. बालपणातला ताण आणि मेंदू यावर मुंबईच्या टीआयएफआरमध्ये विदिता वैद्य यांचा गट काम करतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने मुलं आणि तरुणांचा अनेक केंद्रांवर पसरलेला मोठा अभ्यासगट उभा केला आहे. वर्तनाची उत्क्रांती प्राण्यांमध्ये पाहायची असेल तर आयसर कोलकात्यातला अनिंदिता भद्रा यांचा रस्त्यावरच्या कुत्र्यांवर काम करणारा गट, आणि फळमाश्यांवरच्या उत्क्रांतीच्या प्रयोगांसाठी जवाहरलाल नेहरू केंद्र, आयसर पुणे व आयसर मोहाली इथले गट पहा.

ईमेल दोनशे शब्दांत संपवा. पहिल्या वाक्यात तुम्ही कोण आणि कधीपासून येऊ शकता. दुसऱ्या परिच्छेदात त्यांच्या एका निबंधातल्या एका आकृतीबद्दल खरा प्रश्न. तिसऱ्यात तुमचं विश्लेषण आणि त्याचा दुवा. ‘आपल्या थोर कार्याने मी प्रभावित झालो’ हे वाक्य गाळा. एकच मजकूर वीस जणांना पाठवलाय हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग पुढे चला.

होकार देण्याआधी त्याच लॅबमधल्या सध्याच्या आणि जुन्या विद्यार्थ्यांशी फोनवर बोला. पीएचडीला किती वर्षं लागली, निबंधावर पहिलं नाव कुणाचं येतं, डेटा कुणाच्या ताब्यात राहतो, हे तीन प्रश्न विचारा.

७. अभ्यासाची आखणी: काम इथे वाचतं किंवा बुडतं

रक्ताची नळी. जांभळ्या झाकणाची, ईडीटीए असलेली नळी घ्या. हिरव्या झाकणाच्या नळीत हेपरिन असतं आणि ते पुढे पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) अडवतं. गावातल्या केंद्रावर नळ्या संपल्या की परिचारिका हाताशी असेल ती नळी वापरते, म्हणून आपल्या नळ्या मोजून आणि दहा टक्के जास्त घेऊन जा.

डीएनए. दोनशे मायक्रोलिटर रक्तातून साधारण काही मायक्रोग्रॅम डीएनए मिळतो. लाखो जागा एकाच वेळी मोजणाऱ्या चिपसाठी, म्हणजेच मायक्रोअ‍ॅरेसाठी बायसल्फाइट या रसायनाच्या प्रक्रियेत सहसा ५०० नॅनोग्रॅम घालतात, तेव्हा अडचण डीएनए कमी पडण्याची नसते, चुकीच्या मोजमापाची असते. नॅनोड्रॉप हे मोजमापाचं यंत्र अशुद्धीही मोजतं आणि आकडा फुगवतं. क्युबिट या दुसऱ्या यंत्राने पुन्हा मोजा. बायसल्फाइट मिथाइल नसलेल्या सायटोसिनचं (डीएनएतल्या एका अक्षराचं) युरॅसिल करतं आणि मिथाइल असलेल्याला हात लावत नाही. ही प्रक्रिया अर्धवट झाली तर सगळीकडे खोटं मिथायलेशन दिसतं.

चिपवरची मांडणी. मिथायलेशन मोजणाऱ्या एपिक अ‍ॅरेच्या एका चिपवर ८ नमुने बसतात, ९६ नमुन्यांच्या प्लेटला १२ चिप लागतात. ताण सोसलेल्या मुलांचे नमुने आधी गोळा झाले म्हणून आधीच्या चिपवर चढवले आणि तुलनेचे नंतरच्या, तर चिपमधला फरक हाच ताणाचा परिणाम म्हणून समोर येतो. कोणतंही सॉफ्टवेअर हे नंतर सोडवू शकत नाही. प्रत्येक चिपवर दोन्ही गट, मुलं-मुली आणि वयं मिसळून, सोडत काढून लावा. ही यादी लॅबच्या तंत्रज्ञावर सोपवू नका, स्वतः तयार करा.

पेशींचं मिश्रण. रक्त म्हणजे अनेक पेशींची सरमिसळ, आणि प्रत्येक पेशीचं मिथायलेशन वेगळं. ताणात किंवा जंतुसंसर्गात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी वाढल्या की मिथायलेशन ‘बदललेलं’ दिसतं, खरं तर पेशींचं प्रमाण बदललेलं असतं. पेशींचं प्रमाण अंदाजून प्रतिमानात घालणं आवश्यक आहे. लाळेत गालाच्या पेशी आणि पांढऱ्या पेशी यांचं प्रमाण माणसागणिक फारच बदलतं, त्यामुळे तिथे दुप्पट काळजी घ्या. आणि रक्तावरून मेंदूबद्दल बोलताना हात आखडता ठेवा.

धूम्रपान आणि जनुकं. एएचआरआर जनुकावरची सीजी०५५७५९२१ ही जागा धूम्रपानाने इतकी बदलते की माणसाने सांगितलेल्या उत्तरापेक्षा तिच्यावर जास्त भरवसा ठेवावासा वाटतो. ती तपासाच. तंबाखू-मिश्रीचीही वेगळी विचारणा करा, परदेशी प्रश्नावलीत ती नसते. अनेक जागांवरचं मिथायलेशन जवळच्या जनुकीय भेदांवर ठरतं, म्हणून शक्य असेल तर जीनोटाइपिंगही (जनुकीय भेदांची तपासणीही) करा.

उंबरठा. एपिक अ‍ॅरेवर साडेआठ लाखांहून अधिक जागा असतात. पी-मूल्याचा (परिणाम नसतानाही असा निकाल योगायोगाने येण्याच्या शक्यतेचा) नेहमीचा ०.०५ चा उंबरठा ठेवला तर काहीच परिणाम नसताना चाळीस हजारांवर जागा ‘लक्षणीय’ निघतील. या अ‍ॅरेसाठी ०.०००००००९ हा उंबरठा सुचवला गेला आहे. गृहीतक आणि विश्लेषणाचा आराखडा डेटा उघडण्याआधीच ओएसएफ या सार्वजनिक संकेतस्थळावर नोंदवून ठेवा. उत्क्रांती मानसशास्त्रात याची गरज अधिकच आहे, कारण कुठल्याही निकालाला मागाहून चपखल उत्क्रांतीची गोष्ट जोडता येते.

प्रश्नावली. बालपणातल्या त्रासाबद्दलच्या इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी भाषांतर एकाने करावं, दुसऱ्याने मूळ न पाहता ते पुन्हा इंग्रजीत न्यावं, मग दोन्ही ताडून पहावं. त्यानंतर ज्या भागात काम करणार तिथल्या पंधरा-वीस जणांना ती वाचून दाखवा. पुण्याची भाषा नंदुरबारला चालेल असं धरून चालू नका. मोठेपणी आठवून सांगितलेलं बालपण आणि त्या काळात प्रत्यक्ष नोंदलेलं बालपण फारसं जुळत नाही, हे लक्षात ठेवून निष्कर्ष लिहा.

८. परवानग्या

माणसांवरच्या अभ्यासाला संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आणि आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं. अठराखालच्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती आणि सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःचीही अनुमती लागते. संमतीपत्रात ‘डीएनए किती वर्षं ठेवणार’ आणि ‘पुढे दुसऱ्या अभ्यासात वापरू का’ हे सुरुवातीलाच लिहा, नाहीतर पाच वर्षांनी तेच नमुने वापरायला दारोदार फिरावं लागतं. परदेशी संस्था सहभागी असेल किंवा नमुने बाहेर पाठवायचे असतील तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी वेगळी. तिच्यासाठी वेळापत्रकात काही महिने धरा. उंदीर वापरणार असाल तर संस्थेची प्राणी एथिक्स कमिटी.

९. परदेशात जायचं असेल

उत्क्रांती मानसशास्त्रासाठी लाइपझिगची माक्स प्लांक उत्क्रांती मानवशास्त्र संस्था, कॅलिफोर्निया विद्यापीठाचं सांता बार्बरा संकुल आणि अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठ. एपिजेनेटिक्ससाठी मॅकगिल आणि ब्रिस्टल, जिथे १९९१-९२ मध्ये जन्मलेल्या मुलांचा मोठा अभ्यासगट आहे. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांची मुदत डिसेंबरमध्ये संपते. अर्ज-शुल्क माफी मागता येते, तिथे संकोच नको. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं) लागतं, ते आधी काढा. स्वखर्चाने पीएचडीला जाऊ नका. चांगल्या गटात पगार किंवा शिष्यवृत्ती असते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे.

१०. पीएचडीनंतर

पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधनपद) बहुधा घ्यावाच लागतो. परदेशातून परतणाऱ्यांसाठी डीबीटीची रामलिंगस्वामी फेलोशिप आणि इथल्यांसाठी इंडिया अलायन्सच्या फेलोशिप पहा. संख्याशास्त्र पक्कं असेल तर जीनोमिक्स कंपन्या आणि सार्वजनिक आरोग्य संस्थांमध्येही मागणी असते. त्या वाटेला दुय्यम मानू नका.

महाविद्यालयात शिकवायचं असेल तर एक गोष्ट पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळीच तपासा. सहायक प्राध्यापकाच्या पदासाठी पदव्युत्तर पदवी ‘संबंधित’ विषयातली मागतात. एमएस्सी जीवशास्त्रात आणि पीएचडी मानसशास्त्रात असेल, तर मानसशास्त्राच्या जागेवर छाननीतच आक्षेप येऊ शकतो, आणि उलटही. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेत असलेली सेट परीक्षा फक्त पात्रता देते, फेलोशिप देत नाही, आणि तीही तुमच्या पदव्युत्तर विषयातच द्यावी लागते. म्हणून दोन विषयांच्या सीमेवर काम करणाऱ्यांनी पदव्युत्तर पदवी त्या विषयात घ्यावी ज्यात पुढे शिकवायचं आहे, आणि दुसरा विषय पीएचडीच्या गाईडकडून, सहगाईडकडून व प्रकल्पांतून कमवावा.